कुड्याच्या पाड्यावरची बॅटरीवाली

बाईजा वारघडेला तोंडावर सगळे वयनी नाहीतर काकू म्हणत आणि पाठ फिरली की बॅटरीवाली. ती काही शिवी नव्हती, पण कौतुकही नव्हतं. माणसं पडवीशी येऊन विचारायची, "बॅटरीवाली हाय का घरात?" आणि आतून उत्तर यायचं, "हाय. आधी ती विडी विजव, मंग पुढं ये."

विडीला कारण होतं. पडवीच्या एका अंगाला कुडात मोठी खिडकी पाडून वारं खेळतं केलं होतं आणि तिथे फळीवर बोटीच्या दोन बॅटऱ्या बसायच्या. चार्ज होताना त्यांतून वायू निघतो आणि तो पेट घेतो, असं बोट बसवायला आलेल्या आदेश नावाच्या मुलाने सांगितलं होतं. बाईजाने ते असं काही मनावर घेतलं की देवांचा कोनाडासुद्धा पडवीतून आतल्या खोलीत हलवला. देव काही बोलले नाहीत. पाडा मात्र खूप बोलला.

कुड्याचा पाडा शहापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्यापलीकडे. पाणी मुंबईला जातं, पाडा तिथेच राहतो. पाण्याला वळसा घालून जंगलातून चालत यायचं तर अर्धा दिवस मोडतो, आणि पावसाळ्यात ओढे भरले की ती वाटही बंद. पिण्याचं पाणी म्हणून इंजिनाच्या बोटीला परवानगी नाही. वल्ह्याची होडी होती, पण समोरून वारा सुटला की ती जिथे नेईल तिथे जायचं. मग शहरातल्या एका संस्थेने विजेच्या मोटरीची फायबरची बोट दिली. नारळ फुटला, फोटो निघाले, मंडळी जेवून गेली. ती गेलीच. पुढे संस्थेचा फोन नुसता वाजायचा आणि ग्रामपंचायत म्हणायची, बोट आमच्या खात्यावर नाही, आम्ही काय करणार.

आदेश तेवढा दोन दिवस राहिला. बॅटऱ्या बाईजाच्या गळ्यात पडल्या त्या ती हुशार म्हणून नव्हे. पाण्याच्या कडेला सगळ्यांत जवळचं वीजमीटर तिच्या घरात होतं, एवढंच. आदेशने नाचणीची भाकरी खाता खाता तिला सगळं सांगितलं. बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरू द्यायची नाही. बोट लागली की लगेच चार्जिंगला लावायची, रिकामी ठेवून झोपायचं नाही. भरत आली की चार्जर हळू होतो. लोकांना वाटतं झालं, आणि ते काढून टाकतात. तसं करायचं नाही, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं. आत बॅटरीचंच पाणी घालायचं, तेही चार्ज झाल्यावर.

"धरनाचा नाय चालत?" बाईजाने विचारलं. "मुंबई पिते ना."

"मुंबईला चालतं मावशी. बॅटरीला नाही."

आणि शेवटी त्याने सांगितलं, "या दोघी जोडीने आल्यात. एकत्र चालवायच्या, एकत्र भरायच्या. एकीला कधी वेगळं काढू नका."

हे मात्र बाईजाला सांगावं लागलं नाही. उपाशी बैल आणि धट्टा बैल एका जुवाला जुंपला तर दोघंही वाया जातात, हे तिने वडिलांच्या घरी पाहिलं होतं.

लोकांना वाटे ती पाड्यासाठी राबते. तसं काही नव्हतं. पाड्याबद्दल बाईजाला फार प्रेम होतं असं म्हणवत नाही. तिची सून सारिका वाशिंदला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, मुलगा सुनिल तिथेच जवळ गोदामात. सकाळी बोटीने पलीकडे, तिथून जीपने आटगाव स्टेशन, पुढे गाडी. संध्याकाळी तेच उलटं. बोट येण्याआधी सुनिल वाशिंदला खोली बघून आला होता. एका खोलीत तिघं मावत होती, चौथं माणूस नाही. सारिकाने सांगितलं, "बोट चालतेय ना, मंग कशाला? समीक्षा हितंच राहील आईजवळ." समीक्षा म्हणजे नात, बोट आली तेव्हा मांडीवरची, आता अंगणवाडीत जाणारी. म्हणजे बोट चालली तर घर भरलेलं, बोट थांबली तर बाईजा एकटी. त्या दोन जड पेट्यांवर तिची सून आणि मुलगा रोज संध्याकाळी घरी येत होते, नात घरात राहत होती. मग ती त्या पेट्यांपुढे उदबत्ती कशी लावू देईल?

पाच पावसाळे गेले. बाईजाने पाड्याशी भांडून भांडून बॅटऱ्या जपल्या. लडकूची पिठाची चक्की सुरू झाली की वीज दबायची आणि चार्जर बंद पडायचा, म्हणून तिने लडकूला चक्की दुपारीच चालवायला लावली. लडकू चिडून म्हणाला, "बॅटरी खाल काय तुमी? भाकरी खाल ना?" ती म्हणाली, "भाकरी दुपारच्या पिठाची पन फुगते." बाजाराच्या दिवशी लोक जास्तीची फेरी मागायचे. ती काचेच्या नळीत बॅटरीतलं पाणी ओढून बघायची, आतलं तरंगतं बोंडूक खाली बसलं असेल, म्हणजे बॅटरी उतरली असेल, तर नाही म्हणून मान हलवायची. बोटवाला जैतू हात जोडायचा, "वयनी, एकच फेरी गो." "वल्हं मार. हात काय गनपतीला ठेवलेत?"

संध्याकाळी बोट लागली की जैतू आणि सुनिल बांबूला दोर बांधून बॅटऱ्या वर आणायचे. समीक्षा पुढे धावत ओरडायची, "सरका, बॅटरी येते!" मग सारिका पाय धुऊन चहा टाकायची. शहापूरच्या बॅटरीवाल्या ओमकारने एकदा त्या पाहिल्या आणि म्हणाला, "मावशी, लोकांच्या तीन वर्षांत भंगारात येतात. ह्या अजून दोन वर्षं सहज काढतील." बाईजाने ते वाक्य घरी येऊन सुनिलला दोनदा सांगितलं. दोन वर्षांत रस्ता होईल, असं तेव्हा सगळेच म्हणत होते.

वैशाखात बुधूच्या मुलाचं लग्न निघालं. बुधू तिचा चुलत दीर. आदल्या दिवशी वळवाचं वादळ झालं आणि जंगलातले विजेचे खांब आडवे पडले. सकाळी बुधू पडवीत आला. विडी बाहेरच टाकून आला होता, त्यावरूनच बाईजाने ओळखलं की हा काहीतरी मागणार.

"वयनी, पोराची हळद हाय. पाड्यावर काळोख. जनरेटर होडीत बसत नाय. एक बॅटरी दे. एकच. पावन्यांच्यात इन्व्हर्टर हाय, चार बल्ब लागतील."

पाड्यावर मांडव पडला की प्रत्येक घरातून काहीतरी जातं: कुणाची पातेली, कुणाची सतरंजी, कुणाची खाट. हळदीला मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत. तशी पद्धतच नाही. त्यातून विधवेने नाही म्हणायचं म्हणजे नवऱ्यामुलाच्या अंगावर काय आणायचं आहे हिला, असा अर्थ निघतो. आणि तेही सोडून देऊ. बाईजाचा नवरा ऐन आवणीत गेला त्या वर्षी बुधूने आधी तिचं भात लावलं होतं, मग स्वतःचं. त्याचं शेत उशीर होऊन अर्धं पोचट गेलं. त्याने कधी ते बोलून दाखवलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लक्षात होतं.

"भावजी, दोघींना येगळी करायची नाय."

"दोन रोजांचा तर सवाल. परत जोडी लावू."

"बल्बच. गान्याची पेटी वाजवायची नाय."

"तुजी आन, नाय वाजवनार."

पेटी वाजली. पाड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत वाजली. बुधूने लावली नाही, पोराच्या मित्रांनी लावली; लग्नघरी बापाचं कोण ऐकतं? बाईजाला घरात बसून ऐकू येत होतं, गाण्याचा आवाज हळूहळू दबका, घोगरा होत गेला तोही. ती उठली नाही. विधवा बाई हळदीच्या मांडवात जाऊन वायर उपटेल कशी? सुनिल म्हणाला, "मी जातो." तिनेच त्याला बसवलं.

वऱ्हाड, वरात, पाहुणे उलगडून बॅटरी परत आली ती पार मेलेली. आता तिला ताबडतोब चार्ज करायला हवं होतं, आणि वीज नव्हती. खांब पडलेलेच. विजेचे लोक मोठ्या गावांचं आधी करतात, पाडे मागून. मोटरला दोन्ही बॅटऱ्या लागतात, त्यामुळे बोटही कडेला बांधलेली. वल्हं मारून बॅटरी शहापूरला न्यावी, तर जैतू लग्नाच्या जागरणातून आणि दारूतून उठत नव्हता. सुनिल-सारिका एकदा-दोनदा काळोखात निघून, वळसा घालून चालत कामावर गेली, बाकीचे दिवस गेलीच नाहीत. बॅटरी तशीच रिकामी पडून राहिली. बाईजा रोज तिच्या बाजूला बसायची, झाकणं उघडून आत बघायची. बघून काय होणार होतं?

वीज येण्याच्या आधी बुधू आला. आणि इथे पाड्याचा चांगुलपणाच आडवा आला. बुधूच्या कानावर गेलं होतं की आपण नेलेला जिन्नस बिघडला. नेलेलं मडकं फुटलं तर नवं मडकं आणून द्यायचं, ही रीत. बुधू मुरबाडला मेहुण्याकडे गेला आणि नवी कोरी बॅटरी घेऊन आला. वर हळदकुंकू लावलेलं, सोबत नारळ. मागे चार माणसं.

"घे वयनी. तुजी बिघडली, ही नवी. आपला मेव्हना ट्रॅक्टरला हीच लावतो."

माणसं म्हणाली, बुधू तो बुधूच. बाईजाने बॅटरीकडे पाहिलं. जुनीपेक्षा बुटकी, चकचकीत, लाल पट्ट्याची. ही त्या घरची नव्हे, एवढं तिला कळलं. ती म्हणाली, "भावजी, कशाला एवढं?" आणि नारळ पदरात घेतला.

इथे बाईजाची चूक झाली, ती स्पष्ट म्हटलेली बरी. जी बाई लडकूची चक्की बंद पाडते, जैतूला गणपतीवरून बोलते, तिची जीभ त्या क्षणी टाळ्याला चिकटली. एकदा नारळ घेतला की व्यवहार मिटला.

दुसऱ्या दिवशी तिने जैतूला झोपेतून उठवलं, वल्ह्याने पलीकडे गेली आणि जीपमध्ये नवी आणि मेलेली अशा दोन्ही बॅटऱ्या घालून ओमकारचं दुकान गाठलं. ओमकार नवी बघून हसला.

"मावशी, चांगली आहे. आता बोटीला ट्रॅक्टर जोडा."

"चेष्टा नको रे. चालल का सांग."

"ही इंजिन सुरू करायची. एक उडी मारायची नि गप बसायचं, एवढंच हिचं काम. तुमच्या जुन्या ह्या दिवसभर चालणाऱ्या. हिला अर्ध्यापर्यंत रोज उतरवलीत तर पावसाळा काढायची नाही. आणि ही मरताना दुसरीला नेईल. चार्जर एकच ना दोघींना? हिने भरून घेणं सोडलं की सगळा जोर चांगलीवर जाणार. ती उकळेल."

"मंग?"

"परत करा ना. पावती असेल."

"पावती हाय. नारळबी हाय."

ओमकारला ते समजलं नाही. तो वाशिंदच्या नव्या इमारतीत राहणारा मुलगा. त्याच्याकडे वस्तू पावतीवर परत होतात. मेलेल्या बॅटरीला त्याने दोन-तीन दिवस सावकाश करंट देऊन बघितलं आणि फोनवर सांगितलं, "पट्ट्यांवर पांढरं धरलंय मावशी. घेत नाही आता ती."

तरी ती बुधूकडे गेली. नाही असं नाही. तो अंगणात छपरासाठी गवताच्या पेंढ्या बांधत होता.

"भावजी, तुमची बॅटरी लई चांगली. पन बोटीला येगळी लागते म्हनतो दुकानवाला."

बुधूचा चेहरा पडला. त्याने तोंडातून शब्द काढायच्या आत त्याची बायको सावळी घरातून बोलली, "नवी कोरी दिली तरी हिला खोट दिसते! जुनी फुकटची होती ती गोड. आमी काय मांडवातला सोना मागितला होता हिच्याकडं?"

"सावळे, गप," बुधू म्हणाला. मग बाईजाकडे न बघता म्हणाला, "वयनी, बदलून आनतो. आवनी होऊ दे."

आवणी झाली की बैलांचं काम संपतं; तो काय विकून ती आणणार होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाईजाने विळा उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "ऱ्हाव दे. चालवून बघते."

वीज आली. जोडी लागली. आणि बोट पहिले काही दिवस आधीपेक्षा जोरात पळाली. नवी बॅटरी पळणारच. पाडा म्हणाला, बघा, उगाच बोंबलत होती. जैतू तर बाजाराच्या दिवशी तिला न विचारता जास्तीची फेरी मारून आला आणि वर म्हणाला, "आता कसली भीती गो, ट्रॅक्टरची ताकद हाय."

समीक्षाला शाळेत घालायचे दिवस आले होते. सारिका म्हणाली, पलीकडच्या शाळेत घालू, बोटीने जाईल माझ्याबरोबर. बाईजाने मुलीच्या दप्तराला ऊन-पावसाचं प्लॅस्टिक शिवलं. त्या दिवसांत तिला खरंच वाटलं की ओमकार चुकला असेल. दुकानदारच तो, नवी विकायची असते त्याला.

ओमकार चुकला नव्हता. आषाढ लागला आणि बोट पाण्याच्या मध्यावर घुटमळायला लागली. हिरवा दिवा लागायचा वेळ निघून जायचा, चार्जर चालूच राहायचा. पडवीत सडक्या अंड्यांचा वास. बाईजाने हात लावला तर चांगली बॅटरी, तिची स्वतःची, तापलेली. झाकण उघडलं तर आतलं पाणी खाली गेलेलं, पट्ट्या उघड्या. तिने बॅटरीचं पाणी घातलं. दोन दिवसांत पुन्हा उघड्या. पुन्हा घातलं. पाच पावसाळे जिचं महिन्याकाठी एका बाटलीत निभावलं, ती आता तापातल्या माणसासारखी पाणी मागत होती आणि ते अंगाला लागत नव्हतं. बाईजाने चार्जर लवकर काढून बघितला, तर बोट अर्ध्यात थांबायची. पूर्ण ठेवला, तर बॅटरी उकळायची. दोन्हीकडून मरणच.

एका संध्याकाळी बोट मध्यावर बंद पडली. वारा समोरचा, पाऊस आडवा. जैतूने वल्हं मारलं, सुनिलने हाताने पाणी ओढलं, सारिका समीक्षाला पोटाशी धरून तळाशी बसली. वाऱ्याने त्यांना खालच्या अंगाला झुडपांत नेऊन सोडलं. तिथून चिखलातून चालत घरी आली. मुलीचे ओठ निळे पडले होते. बाईजाने तिला चुलीपुढे धरलं. सगळ्यांचे कपडे बदलून झाले, चहा झाला. समीक्षा म्हणाली, "आजी, बॅटरी झोपली."

त्याच आठवड्यात सारिकाला कारखान्याच्या गेटवरून तिसऱ्यांदा परत पाठवलं. उशीर. चौथ्यांदा उशीर झाला तर येऊच नको म्हणून सांगितलं.

सुनिल तसा रागावणारा मुलगा नाही. बापावर गेलेला, शांत. जेवताना म्हणाला, "आई, खोली बघितलीय. वाशिंदला. मालक बोलला, सोमवारी या."

बाईजा म्हणाली, "मी दोन नव्या घेते. शेरड्या इकते. ओमकार हप्त्यानं देल."

"घेशील. तू घेशीलच. मंग पुन्ना कुनाची हळद निघल."

"नाय देनार मी."

"देशील, आई." तो भाकरीकडे बघत म्हणाला. "मीबी दिली असती. बॅटरी नवी आनता येल. पाडा कुठून नवा आनू?"

सारिका उठून भांडी घासायला गेली. तिथून तिचं नाक ओढल्याचं ऐकू आलं. ती पाच वर्षं नवऱ्याशी वाद घालून इथे राहिली होती. आता तिच्याकडेही वाद उरला नव्हता.

"तूबी चल," सुनिल म्हणाला. म्हणायचं म्हणून म्हणाला, पण मनापासून म्हणाला.

"झोपू कुठं? तुमच्या उशाशी उभी ऱ्हाऊ?"

सोमवारी पावसाने उघडीप दिली. बुधू स्वतः आला, आणि ट्रंक त्याने पाण्यापर्यंत उचलून नेली. ट्रंक बोटीत ठेवून झाल्यावर समीक्षाच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, बाईजाकडे बघितलं आणि परत फिरला. सावळीने घरून भाजीचं पान बांधून पाठवलं होतं. वाईट माणसं कुणीच नव्हती, हाच तर घोळ. कुणी वाईट असतं तर बाईजाने त्याला शिव्या घातल्या असत्या आणि तिला थोडं बरं वाटलं असतं.

मोटर लावलीच नव्हती. जैतू एका वल्ह्याला, सुनिल दुसऱ्याला. बाईजा पलीकडे पोचवायला म्हणून बसली. समीक्षा सगळ्या वाटेत नव्या शाळेचं सांगत होती, तिथे गच्ची आहे म्हणे. जीप उभीच होती. सारिका पाया पडली. म्हणाली, "दिवाळीला येतो, आई. तेवा पानी शांत असतंय." बाईजा म्हणाली, "या." पोरीच्या दप्तरावरचं प्लॅस्टिक सारखं केलं. जीप वळणापलीकडे गेली.

परतताना सुनिलच्या जागी वल्ह्याला माणूस नव्हतं. बाईजा उठून तिथे बसली. दोघं ओढत राहिली. बाईजाला सवय नव्हती, बोट सारखी तिच्या अंगाला वळायची आणि जैतू सावरून घ्यायचा. कडेला लागली तेव्हा तिच्या हातांना फोड आले होते.

जैतूने दोर हातात घेतला आणि उभा राहिला.

"वयनी, आता रोज जानारा कोन हाय? बोट वर वढून ठेवू?"

बाईजाने पलीकडच्या काठाकडे बघितलं नाही. साडीचा ओचा पिळला.

"ठेव," ती म्हणाली. "पालथी घाल. नायतर पानी साठल."